माझे रंग आणि ताईंचे डोळे

मी एक जुना, दमलेला मॉनिटर आहे, मित्रांनो. संगणकाचा पडदा म्हणतात तो मीच. विचार करणारा डबा वेगळा. तो टेबलाखाली माणसांच्या पायांशी बसतो आणि दिवसभर घोंगावतो. त्याने डोके चालवायचे आणि मी तोंड दाखवायचे, अशी आमची वाटणी जन्मापासून ठरलेली आहे. तरीही काही बिघडले की लोक माझ्याच कपाळावर बोट आपटतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पांढरे कोट घातलेल्या बायका आम्हाला ओळीने तपासत. आधी पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा, मग लाल, हिरवा, निळा, असे सगळे रंग माझ्या अंगावरून फिरवले गेले. कुठे एखादा प्रकाशाचा ठिपका मेलेला नाही ना, हे माझी तपासनीस डोळ्यांत तेल घालून पाहत होती. ती म्हणाली, "हा चांगला आहे." आयुष्यात माझे उघड कौतुक झाले ते तेवढेच. मग तिने डोळे चोळले आणि ती पुढच्या मॉनिटरकडे वळली.

तिथून मी एका कार्यालयात आलो. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, एका टोकाला पाण्याचे यंत्र, दुसऱ्या टोकाला साहेबांची काचेची केबिन. छोट्या दुकानांना लागणारे प्रोग्रॅम इथे लिहिले जात. माझे टेबल भिंतीला टेकलेले होते आणि समोर, माणसांच्या पाठीमागे, मोठी खिडकी होती. दुपार झाली की ऊन सरळ माझ्या तोंडावर यायचे. मला पापण्या नाहीत, त्यामुळे ते मुकाट्याने सोसावे लागे.

या कार्यालयात जोडीने काम करायची रीत होती. एका मॉनिटरसमोर दोन खुर्च्या. एकाने कोड, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायचा, दुसऱ्याने शेजारी बसून चुका पकडायच्या. माझ्या वाट्याला आलेल्या जोडीत एक होत्या ताई. त्या सगळ्यांत जुन्या, म्हणून साहेबही त्यांना ताईच म्हणत. तिथले निम्मे प्रोग्रॅम त्यांच्या हातचे होते. दुसरा होता त्यांच्याहून बराच लहान प्रोग्रॅमर. त्याचे खरे नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवत असेल. बाकी सगळे त्याला रंगोबा म्हणत.

का म्हणत, तेही सांगतो. कोड ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. त्यात वेगवेगळ्या शब्दांना वेगवेगळे रंग देता येतात आणि पाठीमागचा रंगही बदलता येतो. अशा सगळ्या रंगांच्या संचाला थीम म्हणायचे. माझ्या तरुणपणी पांढऱ्यावर काळी अक्षरे असत आणि कुणाची तक्रार नसे. मग काळ्या थीमची फॅशन आली, कानामागून आली आणि तिखट झाली. रंगोबा तर कामाला हात लावण्याआधी थीम निवडत बसे. काळी, जांभळी, गडद निळी. एकीवर नव्याचे नऊ दिवससुद्धा काढत नसे. दिवसातून इतक्या वेळा कपडे बदलायला लावल्यावर कुणीही दमेल. मीही दमत असे.

"ताई, ही बघा," तो एकदा म्हणाला. "समुद्राच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं की नाही?"

"वाटतं रे," ताई म्हणाल्या. "फक्त श्वास घ्यायला अधूनमधून वर यावं लागतं."

तो हसला. त्यांनी चष्मा काढून डोळे दाबून धरले, ते त्याने पाहिले नाही. मी अगदी समोर असतो, मला सगळे दिसते. त्या गडद निळ्यावरची झगझगीत अक्षरे त्यांना फुटल्यासारखी दिसत असावीत, कारण त्या पुढे झुकून, डोळे बारीक करून वाचत. संध्याकाळी त्यांचे डोळे लाल होत. पण थीम बदल असे त्यांनी कधी म्हटले नाही. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतील, अशी त्यांना भीती वाटत होती.

मग तो लाँड्रीचा घोटाळा झाला. एका मोठ्या लाँड्रीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ताईंना दुरुस्ती करायची होती. मित्रांनो, कोडमध्ये मध्येमध्ये माणसांसाठी टिपा लिहिलेल्या असतात. संगणक त्या वाचत नाही, माणसाने वाचायच्या असतात. तिथे रंगोबाने टीप लिहून ठेवली होती, 'आधी संदेश बंद करा, मगच हे चालवा.' त्या दुपारी तो रजेवर होता. ताईंनी दुरुस्ती केली, प्रोग्रॅम चालवून पाहिला आणि लाँड्रीच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना संदेश गेला की तुमचे कपडे तयार आहेत, घेऊन जा.

थोड्याच वेळात लाँड्रीच्या मालकिणीचा फोन आला. ताईंनी तो टेबलावर ठेवला तरी तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अहो, दारात माणसं उभी आहेत! कपडे अजून पाण्यात आहेत! एकजण म्हणतोय, मी कपडे दिले नव्हते, पण तयार असतील तर द्या!"

पलीकडच्या टेबलांवर लोक तोंड दाबून हसले. ताई हसल्या नाहीत. साहेब केबिनमधून बाहेर आले.

"ताई, सूचना लिहिलेली होती ना तिथे? तुम्हाला दिसली कशी नाही?"

"नाही दिसली," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला? इतक्या वर्षांनी?" साहेब वाईट माणूस नव्हते, पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून घाबरलेले होते. "असं करा, कोडचं काम काही दिवस बाजूला ठेवा. गिऱ्हाइकांचे फोन तुम्ही घ्या."

ते गेल्यावर ताईंनी धाकट्या बहिणीला फोन लावला आणि तोंडावर हात धरून बोलू लागल्या. "आईचंसुद्धा असंच सुरू झालं होतं ना गं? आधी म्हणायची, छपाई फिकट आहे. मग म्हणायची, दिवा मंद आहे." पलीकडून बहीण काहीतरी रागाने म्हणाली. "जाईन गं डॉक्टरकडे. पण त्यांनी काचबिंदूच सांगितला तर? मग कोड कायमचाच गेला माझ्या हातातून. मला दुसरं येतं काय?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी रंगोबा कामावर आला. साहेब त्याला म्हणाले, "ती सूचना कुठे लिहिली होतीस, दाखव बरं." तो ऐटीत माझ्यासमोर बसला. दुपारचे ऊन माझ्या तोंडावर आलेले होते. त्याने फाइल उघडली, खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला.

"इथेच आहे," तो म्हणाला. मग नाक माझ्या काचेला लागेपर्यंत पुढे आला. "अरे? मीच तर लिहिली होती."

साहेबही वाकले. दोघांच्या डोक्यांची सावली माझ्यावर पडली तेव्हा कुठे ती टीप दिसली. गडद निळ्यावर गडद करडी. त्याच्या लाडक्या थीममध्ये टिपांना तोच रंग होता, म्हणजे माणसांसाठी लिहिलेले तेवढेच माणसांना दिसत नव्हते.

"तुझंच तुला सापडेना होय रे?" साहेब म्हणाले. रंगोबाचे कान लाल झाले. त्याने ताईंची माफी मागितली आणि कोडचे काम ताईंना परत मिळाले.

मग त्याने मनावर घेतले. माझे टेबल वळवून खिडकी बाजूला येईल असे केले. खोलीतल्या उजेडाच्या मानाने माझा उजेड कमी केला. अक्षरे मोठी केली. दिवसा फिकट पिवळसर पाठीवर काळपट अक्षरे आणि टिपा चांगल्या ठसठशीत तपकिरी, अशी थीम त्याने ताईंना शेजारी बसवून, एकेक रंग विचारून तयार केली. त्यांचे डोळे लाल व्हायचे थांबले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"थीमच होती गं!" त्यांनी बहिणीला सांगितले. "उगाच घाबरले मी. डॉक्टर नको आणि काही नको."

मलाही बरे वाटले. रंगांचा असा उपयोग झालेला मी प्रथमच पाहत होतो. पण दिवसभर एकाच चेहऱ्यासमोर बसले की त्यातले बारीकसारीक कळत जाते. एडिटरमध्ये चूक झाली की डाव्या कडेला लाल खूण उमटते. ती ताईंना दिसत नसे. रंगोबा म्हणे, "ताई, डावीकडे," मग त्या डोळे न फिरवता अख्खी मान फिरवत. मधला मजकूर त्या झरझर वाचत. कडेचे मात्र मान फिरवल्याशिवाय त्यांच्यासाठी नसल्यासारखेच होते.

आता थीमचा नाद ताईंना लागला. "ती खूण जरा भडक कर ना रे." त्याने केशरी केली. "अजून भडक." त्याने गुलाबी केली. मग हिरवी. दोघे मिळून रंग बदलत राहिले आणि मी रंग बदलत राहिलो. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण मला तोंड असून बोलता येत नाही.

एकदा काम करता करता रंगोबाने बिस्किटांचा पुडा त्यांच्यापुढे धरला. तो त्यांच्या डावीकडे बसला होता. ताई माझ्याकडे बघत लिहीत राहिल्या. त्याने पुडा तसाच धरून ठेवला. मग खाली ठेवला आणि रिकामा हात उचलून हळूच हलवला.

"ताई, मान न वळवता सांगा. माझा हात दिसतो?"

"कुठला हात?"

ताईंनी मान वळवली, त्याचा वर धरलेला हात पाहिला आणि घाईघाईने परत माझ्याकडे तोंड केले.

"ती खूण आहे ना, ती आणखी जरा..."

"ताई," त्याने की-बोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. "ही रंगांची भानगड नाही. उठा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"उद्या जाऊ."

"उद्या म्हणाल परवा."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आईला शेवटी आम्ही आवाजावरून ओळखू यायचो," त्या म्हणाल्या. "घाबरले आहे रे मी."

"मीही घाबरलोय. चला, मी येतो बरोबर."

थीम बदलली की जगातले सगळे दुखणे बरे होते, असे मानणारा हा माणूस. त्या दिवशी त्याने एकही रंग बदलला नाही. दोघे गेले आणि मला कुणी विझवले नाही म्हणून मी थोडा वेळ तसाच रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिलो.

पुढे काय झाले ते ताईंनी साहेबांना माझ्यासमोरच सांगितले. काचबिंदूच निघाला. डोळ्यातला दाब वाढला होता आणि कडेची नजर बरीच गेली होती. गेलेली परत येणार नव्हती. "पण उरलेली राखता येईल म्हणाले. थेंब घालायचे, जन्मभर, आणि तपासणी चुकवायची नाही. आणखी थोडं थांबले असते तर राखायलाही फारसं काही उरलं नसतं."

"या मॉनिटरमुळे झालं का हो?" साहेबांनी विचारले. माझा जीव खालीवर झाला.

"नाही. हे आईकडून आलंय. मी विचारलं डॉक्टरांना, थीम कुठली लावू. ते म्हणाले, डोळ्यांना सोसेल ती लावा. त्याने डोळे दमायचे कमी होतील, आजार बरा होणार नाही."

साहेब चाचरत म्हणाले, "मग ताई, कोडचं..."

"कोड मीच लिहिणार. डावीकडचं हा बघेल."

आता मी खरोखर म्हातारा झालो आहे. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे आणि एका कोपऱ्यात ठिपके मेले आहेत. टेबलावर माझ्याहून रुंद, चकचकीत मॉनिटर आला आणि मला उजव्या बाजूला सरकवले गेले. माझ्यावर किरकोळ निरोप तेवढे दिसतात. माझी धूळ पुसायचेही कुणाच्या लक्षात राहत नाही. सुरुवातीला याचे दुःख झाले. आता होत नाही, दमलेल्याला कोपरा बरा वाटतो.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. आमचे रंग हौसेने निवडा. डोळ्यांना बरे वाटतील असे निवडा. उन्हाकडे तोंड करून आम्हाला बसवू नका. पण डोळे दुखत असतील, काही दिसेनासे झाले असेल, तर आमचे रंग बदलत बसून त्यांच्याकडे डोळेझाक करू नका. घरातल्या मोठ्या माणसांना सांगा. मोठी माणसे टाळत असतील तर त्यांचा हात धरून घेऊन जा.

दुपारच्या थेंबांची वेळ झाली की रंगोबा म्हणतो, "ताई, थेंब." ताई मान मागे टाकतात, थेंब घालतात आणि ते नाकात उतरू नयेत म्हणून डोळ्यांचे नाकाजवळचे कोपरे बोटांनी दाबून डोळे मिटून बसतात. तोही हात थांबवून खिडकीबाहेर दूर कुठेतरी पाहतो. तेवढा वेळ माझ्याकडे कुणीच पाहत नाही. लोकांनी माझ्याकडे पाहावे यासाठीच मला बनवले आहे. पण खरे सांगतो, दिवसभरात मला सर्वांत आवडणारा वेळ तोच आहे.