हवेत आवळलेला बोल्ट

ज्या मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत, त्याला वर्षभरापासून नीट ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती. जाडेभरडे आवाज यायचे, समोरासमोरचं बोलणं कळायचं, पण बारीक आवाज सगळे गेले होते. आयुष्यभर बोनेट न उघडता नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणाऱ्या माणसाने हे सांगायचं तरी कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तो गप्प होता.

अशात एके सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आपला शर्यतीचा ट्रक घेऊन आल्या. बाई आठवडाभर लोकांच्या दाढा उपटत आणि सुट्टीच्या दिवशी हा ट्रक दगडधोंड्यांवरून उडवत. त्याचे शॉकॲब्सॉर्बर भारीतले होते. डोक्यावरची चकती फिरवली की हवे तसे कडक किंवा मऊ होत. महिन्यापूर्वी ते कानसेनच्या मेहुण्याने खोलून, तेल आणि सील बदलून दिले होते. ट्रकला बसवले होते कानसेननेच.

“पुढे डावीकडे किरकिर वाजतंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी ट्रकचं नाक दोन्ही हातांनी दाबून सोडलं. “हे बघा. ऐकलंत?”

कानसेनला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्याने डोळे मिटून जाणकारासारखी मान डोलावली. “शॉकच आहे. आतून वाजतोय.”

शॉक निघाला आणि दोन गल्ल्या पलीकडे मेहुण्याकडे गेला. मेहुण्याने तो पुन्हा खोलला, पुसला, दाबून-ओढून पाहिला आणि परत आणून दिला. “भाऊजी, यात काही नाही.” कानसेनने बसवला. आठ दिवसांत बाई परत आल्या, शॉक परत गेला, परत आला, परत बसवला. मेहुणा तेच म्हणाला, पण जरा चाचरत. न बोलावता भाऊजींच्या गाडीखाली शिरण्यातला तो नव्हता.

तिसऱ्या खेपेला बाई वैतागल्या होत्या. “हे शॉक दुरुस्त कोण करतं हो?” त्यांनी दोन-तीन गिऱ्हाइकांदेखत विचारलं.

“बायकोचा भाऊ,” कानसेन म्हणाला. “घरचा माणूस म्हणून काम दिलं. तिथंच चुकलो.” बाई ट्रक तसाच घेऊन निघून गेल्या.

बोलून गेल्यावर जीभ चावून काय उपयोग? नाचता येईना अंगण वाकडं, ते आपल्या बाबतीत किती खरं आहे हे त्याच क्षणी त्याला कळलं होतं. चार दिवसांत ते ऐकणाऱ्यांपैकी शर्यतवाल्या दोघांनी मेहुण्याकडचे आपले शॉक उचलून नेले. मेहुण्याचं सगळं पोट या शर्यतवाल्यांवर होतं. त्या संध्याकाळी बायकोने कानसेनला ताट वाढलं आणि ती पाठ फिरवून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा ट्रक घेऊन आल्या, तेव्हा मेहुणा आधीच येऊन थांबला होता. “भाऊजी, आज मला बघू द्या,” तो म्हणाला. कानसेनने हातातला पाना त्याच्या हाती दिला.

दोघे ट्रकखाली आडवे झाले. बाई वरून नाक दाबत होत्या. मेहुण्याने शॉकला हात लावला आणि नाही अशी मान हलवली. मग त्याने कानसेनचा हात धरून शॉकच्या खालच्या बोल्टावर ठेवला. बोटांना बारीक थरथर लागली. शॉकमध्ये मात्र ती थरथर नव्हती. बोल्टाभोवतीचं रबर पिळून, ताणून बसलं होतं आणि प्रत्येक झोक्याला घासत होतं.

कानसेनच्या लक्षात आलं. चाक जमिनीला टेकल्याशिवाय हा बोल्ट शेवटचा आवळायचा नाही, नाहीतर रबर पिळतं आणि ओरडतं, हे वीस वर्षांपूर्वी मेहुण्याला त्यानेच शिकवलं होतं. आणि त्याने तीनदा शॉक बसवला होता तो गाडी वर टांगलेली असताना, चाक लोंबकळत ठेवून. अशा चुका पूर्वीही व्हायच्या. पण तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत कान त्या पकडायचा, म्हणून हात निर्धास्त झाले होते. चोर सोडून त्याने संन्याशाला फाशी दिली होती, तेही घरातल्याच.

मेहुण्याने कूस बदलली, आपला चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, “मी ढिला करून, रबर सरळ करून आवळतो. तुम्ही नुसतं पडून राहा.”

“असा का बोलतोस?”

“ताईनं सांगितलंय. वर्ष झालं. तुमच्याशी बोलताना तोंड दिसलं पाहिजे म्हणाली.”

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मेहुण्याला तर पहिल्या खेपेपासून, आणि तरी तो दोनदा चांगला शॉक मुकाट्याने खोलत राहिला होता. कानसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच मिनिटांत बोल्ट आवळून झाला. मेहुणा बाहेर सरकला आणि बाईंशी काहीतरी बोलू लागला. खालून कानसेनला त्यांचे बूट तेवढे दिसत होते, शब्द कळत नव्हते. तो धडपडत बाहेर आला, तेव्हा मेहुणा मान खाली घालून उभा होता.

“चला, चौथ्यांदा का होईना, तुमचं काम जमलं म्हणायचं,” बाई मेहुण्याला सुनावत होत्या.

कानसेन मध्ये जाऊन उभा राहिला. “त्याचं काम पहिल्यांदाच जमलं होतं,” तो म्हणाला. “शॉकमध्ये कधीच काही नव्हतं. बोल्ट मी चुकीचा आवळला, तीनदा. तो आवाज मला एकदाही आला नाही. आलाय असं मी खोटंच सांगितलं.”

समोरच्या गाडीवर काम करणारे दोघे थांबून बघू लागले. बाईंनी मान वळवून ट्रककडे पाहिलं आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाल्या. कानसेनची मान सवयीने डोलायला निघाली होती. ती त्याने मध्येच थांबवली.

“काय म्हणालात?” त्याने सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं विचारलं. “जरा इकडे तोंड करून, मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही.”