कडीच्या वरची रेघ

मी लाकडाचा मासा बोलतोय, आणि आधीच सांगतो, मला घाई आहे. एरवी मी फारसा बडबड्या नाही. वर्षातले अकरा महिने खिळ्याला लटकून काढणाऱ्याला बोलायची सवय कुठून असणार? पण उद्या सकाळी नऊ वाजता रंगारी येणार आहे. तो सुतारखोलीच्या दाराला दोन्ही बाजूंनी हिरवा रंग फासणार, आणि दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीची एक खूण आहे, ती कायमची जाणार. ती खूण एका बाईने बघायला हवी. बाई इथेच आहे, माझ्यापासून हातभर अंतरावर, स्वयंपाकघरात बसून चहा पितेय. पाच वाजता निघणार आहे. आणि ही खूण आहे, हेच तिला माहीत नाही.

मला तोंड आहे हो. पण तिला ऐकू जाईल असा आवाज नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. नीट ऐका.

माझा जन्म स्टुलाच्या पायातून झाला. या बाईचे बाबा सुतार. जगाच्या खुर्च्या-टेबलांना पाय बसवून देणारा माणूस, पण स्वतःच्या स्वयंपाकघरातलं स्टूल तीन वर्षं डुगडुगत होतं. "उद्या बघतो," म्हणायचे. शेवटी एक दिवस हिची आई वरच्या फळीवरचा डबा काढायला चढली आणि स्टुलासकट खाली आली. फार लागलं नाही, पण त्या दिवशी तिने बाबांना जे काही सुनावलं, त्याने घर दणाणलं. बाबांनी निमूटपणे तुटका पाय उचलला आणि सुतारखोलीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्या पायाचा मासा झाला. स्टूल पुढे आठवडाभर तीन पायांवरच भिंतीला टेकून होतं.

वीतभर लांबी, पोटात ओतलेलं शिसं, खाली तीन-तीन टोकांचे दोन गळ आणि हनुवटीला पत्र्याची छोटी जीभ. ही जीभ असते म्हणून दोरा ओढला की मी पाण्यात लडखडत पोहतो आणि मोठ्या माशाला वाटतं, हा कुणी जखमी बारका मासा चाललाय. फसवणं हाच माझा धंदा. त्यात मी पटाईत आहे, उगाच विनय कशाला दाखवू?

अंग बाबांनी रंगवलं, डोळे मुलीने काढले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एक डोळा वाटाण्याएवढा झाला, दुसरा मोहरीएवढा. ती रडवेली झाली. बाबा म्हणाले, "राहू दे गं ठमे, माशांना काय कळतंय?" तेव्हापासून माझं नाव तिरळ्या पडलं. आधी राग यायचा. आता ते नाव कुणी घेत नाही, आणि मला ते ऐकावंसं वाटतं.

आमचा हंगाम तीन आठवड्यांचा. शरद सरत येतो, थंडी अजून पुरती पडलेली नसते, तेव्हा खाडीतली बारीक मासळी पाणी गार झालं म्हणून बाहेर पडते आणि तिच्या मागावर खोल समुद्रातले मोठे मासे अगदी खडकांपर्यंत येतात. किनाऱ्यावरची दुकानं तोवर बंद झालेली, हवा खायला येणारे लोक घरी गेलेले. उरतात ते गळाचे वेडे. कानटोप्या घालून, नाक पुसत, पहाटेपासून खडकांवर उभे. पोटासाठी नाही हो, नुसत्या हौसेपायी! यांच्या घरच्या माणसांची मला नेहमी दया यायची.

या वेड्यांचा एक नियम आहे आणि तो बाबांना देवाच्या जागी होता. ज्याच्या काठीला मासा लागला, त्यानेच तो काढायचा. मधे दुसऱ्या कुणाचा हात काठीला लागला, तर तो मासा त्याचा नाही. मोजायचाच नाही. मोजायची पद्धतही ठरलेली. माशाला सुतळी लावायची, लांबीवर कापायची, ती सुतळी घरी आणायची आणि सुतारखोलीच्या दारावर जमिनीपासून तेवढ्या उंचीला रेघ मारायची. मासा बहुतेक वेळा पाण्यात परत जायचा. बाबांच्या रेघा निळ्या, मुलीच्या लाल.

तिची पहिली लाल रेघ मी स्वतः मिळवून दिलीय. ती अकरा वर्षांची होती. मासा असा काही पळाला की पोरगी खडकावर बसलीच. "बाबा, धरा ना! हात दुखतायत माझे!"

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "मी धरला तर मासा तुझा राहणार नाही."

"नको मला! तुम्ही घ्या!"

"उद्या म्हणशील, का धरलीत काठी. खेच. थांबून थांबून खेच."

तिने रडत रडत काढला तो मासा. घरी येऊन रेघ मारताना मात्र मान अशी ताठ, की बघत राहावं. बाबांच्या तळहातांवर त्यांच्याच नखांचे वळ उठले होते. ते मी बघितले.

पुढे दार भरत गेलं. निळ्या, लाल, कितीतरी रेघा. पण कडीच्या वर एकही नाही. दाराची कडी बाबांच्या कमरेच्या थोडी वर येते. "एकदा कडी ओलांडायची," ते म्हणायचे. मुलगी मोठी झाली, शिकली, दुसऱ्या शहरात दवाखान्यात नोकरीला लागली, तरी हंगामाला रजा काढून यायचीच.

मग मला एक गोष्ट जाणवायला लागली. बाबा माझ्या नाकातल्या कडीला दोरा बांधायचे ते एका दमात. पुढे त्याला दोन दम लागायला लागले, मग चार. दोरा हातातून सुटायचा. हात थरथरायचे. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, औषधं दिली. मुलीला कळवायचं नाही, असं त्यांनी हिच्या आईला बजावलं. पण दवाखान्यात काम करणाऱ्या पोरीपासून काय लपणार? गेल्या हंगामाला ती आली, त्यांना चहाचा कप उचलताना बघितलं आणि पुढचा कप अर्धाच भरला.

"यंदा एवढा कडीवरचा मासा काढतो," बाबा मला खिळ्यावरून उतरवताना पुटपुटले. "पुढच्या वर्षी काठी धरवेलसं वाटत नाही." हे फक्त मला सांगितलं. निसरड्या खडकांवर उभं राहणं आता शक्य नव्हतं, म्हणून कप्तानला सांगून ठेवलं. कप्तान म्हणजे बाबांचा जुना मित्र, हौशी लोकांना खोल समुद्रात घेऊन जातो. होडी केवढीशी, पण ऐट जहाजाची, म्हणून सगळे कप्तान म्हणतात.

सकाळ राखाडी होती. पक्षी एका जागी पाण्यावर तुटून पडत होते. कप्तानने होडी वळवली, बाबांनी मला फेकलं, आणि चौथ्या फेकीला मला जो दणका बसला, तो जन्मात बसला नव्हता. मी एका प्रचंड जबड्यात होतो. वर रीळ किंचाळत होतं, खाली अंधार होता, आणि मला एकच कळत होतं, हा कडीच्या वरचा आहे.

अर्धा तास झाला. दोऱ्यातून बाबांचे हात मला खालपर्यंत कळत होते. मुलगी म्हणत होती, "बाबा, धरू का?" "नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा, नुसता आधार देते." "नाही म्हटलं ना!" मासा दमला, वर आला, होडीजवळ आला. मी पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा बाबा पांढरेफटक दिसत होते. तेवढ्यात माशाने शेवटची बुडी मारली, बाबांचा गुडघा वाकला, आणि ते काठीसकट कठड्यावरून जायला लागले.

तिने काठी धरली. दोन्ही हातांनी, त्यांच्या हातांच्या वर. धरणारच ना हो! कोण नाही धरणार?

मासा होडीत आला. कप्तान नाचायचाच बाकी होता. "अरे, काय धूड आहे!" त्याने सवयीने सुतळी लावून कापलीसुद्धा. बाबा मात्र तिच्या हातांकडे बघत होते.

"मोजू नकोस," ते म्हणाले. "तो माझा नाही."

"बाबा, तुम्ही पडला असता."

"पडलो असतो तर पडलो असतो. माझा शेवटचा होता तो."

"मासा मोठा की तुम्ही?"

बाबांनी मला जबड्यातून सोडवलं आणि मासा पाण्यात सोडला. कप्तानने ती सुतळी गुपचूप त्यांच्या कोटाच्या खिशात सरकवली. मुलगी त्याच दुपारी न जेवता निघून गेली.

मग फोन. बाबा सुतारखोलीतूनच करायचे, मला सगळं ऐकू यायचं. "जेवलीस का?" "हो." "थंडी आहे का तिकडे?" "आहे." "बरं." संपलं! माझा जीव तडफडायचा. अहो, बोला की काहीतरी! पण दोघांचाही हट्ट एकाच लाकडातून कापलेला.

आणि मग ती दुपार आली. बाबा पेन्सिल शोधत कोटाचे खिसे चाचपत होते, आणि हाताला सुतळी लागली. ती त्यांनी मांडीवर सरळ केली. मग उठले, दार लावून घेतलं, सुतळीचं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं दारावर वर नेलं. कडीच्या वर चार बोटं. निळी पेन्सिल दोन्ही हातांनी धरून त्यांनी रेघ मारली. मला वाटलं, झालं. पण ते खण उचकायला लागले. दहा मिनिटं शोधून तिची जुनी लाल पेन्सिल काढली, आणि निळ्या रेघेला चिकटून, त्याच उंचीवर, लाल रेघ मारली.

"दोघांचा," ते मला म्हणाले. "काय तिरळ्या? बरोबर ना?" मग मोबाईल हातात घेतला आणि परत ठेवला. "फोनवर नको. यंदा आली की दार लावतो आणि तिला समोर उभी करतो." कित्येक महिन्यांनी त्या दिवशी ते शीळ घालत होते.

हंगामाला दोन महिने होते तेव्हा ते गेले. तीन दिवस दवाखान्यात होते. ती पोचली तेव्हा त्यांची वाचा गेली होती. नुसता हात ओढल्यासारखा करत होते, पुन्हा पुन्हा. कप्तान रडत म्हणाला, "मासा ओढतोय बिचारा." घरात सगळे अजून तसंच सांगतात. माझी खात्री आहे, ते दार ओढत होते.

आता सुतारखोली एका सायकलवाल्याला दिलीय. दोन दिवस मुलगी सामान हलवतेय. दार आत उघडतं, ये-जा करताना आपटू नये म्हणून विटेने अडवून ठेवलंय, आणि रेघांची बाजू भिंतीकडे गेलीय. हिच्या आईला लाकडाच्या भुशाने शिंका येतात, ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही. आत्ता चहा ओतताना तिने विचारलं मात्र, "अगं, दारावरच्या तुमच्या रेघा बघून घेतल्यास का? उद्या रंग लागणार."

"नको आई."

"फोटो तरी काढ."

"जी रेघ हवी होती, ती तिथे नाहीये. मीच घालवली ती. बाकीच्या बघून काय करू?" असं म्हणाली आणि मला हातात घेऊन माझे गळ एकेक करून पकडीने काढून टाकले. कुणाला टोचू नयेत म्हणून. मग माझ्या मोठ्या डोळ्यावरून अंगठा फिरवला, आणि मला कोटाच्या खिशात टाकलं. बाबांचाच कोट आहे. खिशात अजून सुतळीचे दोन धागे आहेत.

आता आम्ही अंगणात आलो. ती सुतारखोलीपाशी थांबली आहे. वीट सरकव गं ठमे. एकदाच दार ओढ. एवढं तुझ्यासाठी ओरडतोय मी, आणि तुला नुसता खिशातला लाकडाचा तुकडा लागतोय. नाही. निघाली. गाडीचं दार लागलं.

तुमच्यापैकी कुणाला ती भेटली, तर तेवढं सांगा. उद्या नऊच्या आत भेटली तर फारच बरं, पण नंतर भेटली तरी सांगा. कडीच्या वर चार बोटं, दोन रेघा आहेत म्हणावं. लाल सरळ आली आहे, कशी ते देव जाणे. निळी जरा वाकडी आहे.