एक रुपया बाकी

मित्रांनो, दिसायला मी काही खास नाही. निळी, पाठीवर घ्यायची, एका बंदाला तीनदा टाके पडलेली जुनी बॅग. पण लातूर ते नांदेड हा रस्ता माझ्याइतका कुणी तुडवला नसेल. त्यातले सात महिने मी एक गुपित पोटात घेऊन फिरले. त्याचं जेवढं ओझं झालं, तेवढं पुस्तकांचं कधी झालं नाही.

माझा जन्म लातूरचा. संगमेश्वर यांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत त्यांच्या बायकोने, शिल्पाताईंनी, मला शिवलं. वरचं कापड संगमेश्वरांच्या जुन्या जीनचं, आतलं अस्तर शिल्पाताईंच्या हिरव्या साडीचं. त्यांची लेक रुद्राणी तेव्हा पहिलीत जाणार होती. "बाजारातली बॅग सहा महिने टिकत न्हाई. ही धा वर्षं जाईल बघा," असं शिल्पाताई म्हणाल्या होत्या. मी टिकले. संसार मात्र दोन वर्षांत उसवला. का, ते मला विचारू नका. मी खुंटीवर असायचे आणि खुंटीवरून अर्धंच ऐकू येतं.

शिल्पाताई माहेरी नांदेडला आल्या आणि शाळेचे गणवेश शिवू लागल्या. कोर्टाने ठरवून दिलं की रुद्राणीने शाळेसाठी आईकडे राहायचं. दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार आणि उन्हाळ्या-दिवाळीची अर्धी सुट्टी वडिलांकडे. तिच्या खर्चासाठी वडिलांनी दरमहा आठ हजार रुपये बँकेत भरायचे. निम्म्या वाटेवर, अहमदपूरच्या बसस्टँडवर, रसवंतीशेजारी मला आणि रुद्राणीला एकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जाई. तिथे आई-वडील एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. रुद्राणी मात्र उगाच मोठ्याने बोलायची. शांतता तिला सोसायची नाही.

बँकेचं संगमेश्वरांना पटलं नाही. "बँकेत टाकलं की हप्ता होतो. लेकराचा पैसा हातानं द्यावा," असं ते म्हणत. महिन्यातून एकदा पाचशेच्या सोळा नोटा दोनदा मोजून पाकिटात घालत आणि पाकीट माझ्या आतल्या कप्प्यात ठेवत. पावती नाही, सही नाही. गिऱ्हाइकाच्या दहा रुपयांचीही नोंद ठेवणारा हा माणूस, पण घरच्या माणसाची काय सही घ्यायची, हा त्यांचा हेका. तिथेच घोडं पेंड खात होतं.

एका रविवारी दुकानात नरसिंगराव नावाचे जुने गिऱ्हाईक उधारी चुकवायला आले. नऊ वर्षांची रुद्राणी मला मांडीवर घेऊन पोत्यावर बसली होती. संगमेश्वरांनी पैसे मोजले आणि एक रुपया परत केला.

"समदे देऊ नका, नरसिंगराव. एक रुपया राहू द्या बाकी. खातं मिटलं की येणं-जाणं मिटतं."

ही त्यांच्या दुकानाची आजोबांपासूनची रीत. नरसिंगराव हसत गेले. मग संगमेश्वरांनी नेहमीच्या सोळा नोटा पाकिटात घातल्या आणि स्वतःशीच म्हणाले, "चला, ह्या महिन्याचं मिटलं."

रुद्राणीचे हात माझ्या बंदावर घट्ट झाले, ते मला अजून आठवतं. पुरे पैसे पोचले तर पप्पांचं खातं मिटणार आणि मग अहमदपूरला येणं-जाणंही मिटणार, असा हिशेब तिने मांडला. वडील तूर तोलायला गेल्यावर तिने पाकिटातली एक नोट काढली, माझ्या उसवलेल्या अस्तरात सरकवली आणि आईसारखीच सुईत दोरा ओवून वरून चार वेडेवाकडे टाके घातले. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला तिचं कौतुकच वाटलं.

दर महिन्याला एक, अशा सात नोटा झाल्या.

पहिल्या महिन्यात शिल्पाताईंना मोजायची चूक वाटली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मोबाईलवर लिहिलं, 'पाचशे कमी आहेत.' उत्तर आलं, 'व्यापाऱ्याला मोजायला शिकवू नको.' सहाव्या महिन्यात भांडण फोनवर गेलं.

"मी दोनदा मोजून दिलो. तू खोटं बोलून राहिलीस."

"शिलाईवाली हाय मी. पंधरा अन् सोळा मला कळतात."

दोघंही खरं बोलत होते. ते ठाऊक फक्त रुद्राणीला आणि मला. ती सांगत नव्हती आणि मला तोंड नाही.

सातव्यांदाही नोट कमी निघाली तेव्हा शिल्पाताई म्हणाल्या, "पुरे पैसे आले की पोरगी पाठवीन." संगमेश्वर म्हणाले, "पोरगी दिसल्याबिगर एक रुपया न्हाई." झालं. अहमदपूर बंद पडलं. शाळेच्या रिक्षाचे पैसे थकले, म्हणून रुद्राणी मला घेऊन पायी जाऊ लागली. दुसरा शनिवार आला, गेला. चौथाही गेला. येणं-जाणं राहावं म्हणून जे केलं, त्यानेच ते थांबलं होतं. हे तिला कळलं होतं. पण सांगितलं तर आई चोर म्हणेल आणि पैसे बाहेर आले तर खातं मिटेल, अशी ती दोन्हीकडून अडकली. तिने जेवण टाकलं. मला फार वाईट वाटत होतं.

दोन महिन्यांनी कोर्टाची तारीख लागली. सकाळी शिल्पाताई माझ्यात कागद ठेवत होत्या. त्यात भेटी कायमच्या बंद करण्याचा अर्जही होता. त्यांचं बोट अस्तरावर थांबलं.

"हा टाका माझा न्हाई. कुणी घातला?"

"फाटलं होतं. मीच शिवले," रुद्राणी म्हणाली.

शिल्पाताईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "चांगलं शिवलीस गं."

कौतुकाने मूल इतकं पांढरं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

कोर्टात समुपदेशक बाईंनी दोघांना आधी सरळ सांगितलं, "पैसे हा मुलीच्या पोटाचा हक्क आणि भेट हा तिच्या मनाचा. एक अडवून दुसरं वसूल करायचं नसतं." दोघांनी माना हलवल्या आणि व्हरांड्यात येताच पुन्हा सुरू झाले.

"लेकराच्या साडेतीन हजारांसाठी इमान विकता?"

"इमान तू विकलीस. टाक काय अर्ज टाकायचा तो, मीबी बघतो."

शिल्पाताईंनी मला ओढून अर्ज बाहेर काढला. रुद्राणीने मला सोडलं नाही. तिने खाली बसून दातांनी माझे टाके तोडले. मला दुखलं, आणि बरंही वाटलं. सात नोटा फरशीवर पडल्या.

मग रुद्राणी म्हणाली, "पप्पा, तुमीच म्हणलात नरसिंगकाकाला. खातं मिटलं की येणं-जाणं मिटतं. म्हणून मी बाकी ठेवले."

संगमेश्वर खाली बसून एकेक नोट उचलू लागले. शिल्पाताईंच्या हातातला अर्ज चुरगळला होता. संगमेश्वर बोलले, पण आधी बायकोशी.

"तू खरं बोलत होतीस."

"तुमीबी," शिल्पाताई म्हणाल्या.

मग संगमेश्वरांनी लेकीला जवळ ओढलं. "ऐक. पैसे उद्यापास्नं बँकेत जातील, पुरे. राहिलेलेबी. पण मी तुला एक रुपया देणं लागतो. तो मी मरेस्तोवर देणार न्हाई. कळलं?"

शिल्पाताईंनी डोळे पुसले. "माझ्याकडंबी एक रुपया लिही," त्या म्हणाल्या.

रुद्राणीने शिल्पाताईंचं पेन घेतलं आणि माझ्या फाटक्या हिरव्या अस्तरावर लिहिलं: पप्पा १, मम्मी १.

ते दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, मित्रांनो. तेवढं शिवणं कुणाच्या सुईला जमत नाही. पण आता दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी अहमदपूरला जाते आणि रसवंतीवर तीन ग्लास मागवले जातात.

तुमचंही कुणाचं घर दोन गावांत असेल, तर मनातली भीती अस्तरात शिवून ठेवू नका. आई-वडिलांना विचारून टाका. आणि मोठ्यांनो, लेकराच्या पाठीवर फक्त पुस्तकं द्या. माझं स्वतःचं मागणं एवढंच आहे. बंद तुटला तर बदला, वरून हवं तेवढं घासून धुवा, पण आतला हिरवा भाग पाण्यात घालू नका. तिथली शाई पक्की नाही.