न पेटलेल्या भट्ट्या

१९९३ च्या ऑक्टोबरात सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसला स्मिताच्या फ्लॅटमध्ये वीस-बावीस मराठी माणसं दाटीवाटीने बसली होती. कुणी युरोपला जाऊन आलं की सगळ्यांना स्लाइड दाखवायच्या, असा तेव्हा रिवाजच होता. भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीशेजारी उभे राहून मनोहरराव बोलत होते आणि त्यांच्या पत्नी विद्याताई प्रोजेक्टर चालवत होत्या.

गंमत एवढीच, की ट्रिअर हे जर्मन शहर पाहिलं होतं एकट्या ताईंनी. पहिल्याच सकाळी मनोहररावांचा गुडघा सुजला. ते दोन दिवस हॉटेलात पाय वर घेऊन बसले आणि ताई कॅमेरा गळ्यात अडकवून रोमन लोकांनी बांधलेलं सगळं पायी हिंडून आल्या. तरी भाषणाची वही भरली मनोहररावांनीच, माहितीपुस्तकातून. सारा जन्म जहाजावर इंजिनिअर म्हणून काढलेल्या माणसाला, आपल्याखेरीज दुसरं कुणी बोलेल, हे सुचतच नाही. ताईंनी मात्र मनाशी ठरवलं होतं, हा प्रवास आपला, तो आपण सांगायचा.

काळा दरवाजा झाला, प्रेक्षागार झालं. मग जमिनीखालच्या विटांच्या बोळांची स्लाइड आली.

"हे सम्राटाचं स्नानगृह," मनोहरराव म्हणाले. "खाली भट्ट्या धडधडायच्या, वर मंडळी गरम पाण्यात डुंबायची. शेकडो वर्षं."

"नाही हो," ताई म्हणाल्या. "तिथे पाणी कधी तापलंच नाही."

"विद्या, बॉयलर हा माझा प्रांत आहे."

"असेल. पण खाली मी उतरले होते."

"काका, पॉइंट काकूंना," मागून सारंग म्हणाला. तो तिथल्याच एका कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि जीभ त्याची भारी सैल.

ताई उठून चादरीपाशी गेल्या. लग्नानंतर अकरा महिने त्या नवऱ्याबरोबर जहाजावर राहिल्या होत्या. पेटत्या भट्टीचं तोंड कसं होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"ही वीट बघा. ना काळवंडलेली, ना तडकलेली. मला शंका आली म्हणून तिथल्या गाइडबाईला विचारलं. ती म्हणाली, बांधकाम पुरं व्हायच्या आतच थांबलं. पुढे तिथे सैनिक राहिले. आंघोळ कुणीच केली नाही."

खोलीभर हशा झाला.

"मग तुम्ही काय केलंत?" स्मिताने विचारलं.

"मला भूक लागली. बाजारात किसलेल्या बटाट्याची तळलेली थालिपिठं मिळाली, कडा कुरकुरीत, आणि वर सफरचंदाचा गोडसर गर. बरोबर पांढऱ्या चिनीमातीच्या मगात सफरचंदाची आंबट वाइन. त्यावर प्लमचा केक."

"वाइन?" मनोहरराव म्हणाले.

"दोन मग."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत, जेवलीस का. मी हो म्हटलं."

मनोहररावांनी वही मिटली, एक खुर्ची ओढली आणि सारंगच्या शेजारी जाऊन बसले. ते रागावले असतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांची नजर चादरीवरच्या बोळावर खिळली होती.

"एवढं लाकूड," ते म्हणाले, "आत आणणार होते कुठून?"

"सांगते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी चादरीवर बोट ठेवलं. "या इथून आत शिरायचं."