मुकिंदाचे अर्धे बारसे

आर्वीहून निघाल्यापासून पुंडलिकराव क्षणभरही स्वस्थ बसले नव्हते. शहरातील प्राणिसंग्रहालयाच्या वानर केंद्रात पोहोचल्यावरही ते काचेसमोर येरझारा घालीत राहिले.

वैशाखात त्यांच्या वांग्याच्या मळ्यालगत, रस्त्यावर एक वानर वाहनाखाली सापडून गेले. चेहरा ओळखण्याजोगा उरला नव्हता. रोज विहिरीच्या काठावर येऊन बसणारा मुकिंदा वानर त्या दिवसापासून दिसेनासा झाला, म्हणून तोच गेला असे सर्वांनी धरले. आमच्याकडे वानराची उत्तरक्रिया माणसासारखीच होते. पुंडलिकरावांनी खांदा दिला, मिशा उतरवल्या, तेरवी केली. मंत्र मी म्हटले. पुढे वनरक्षकाकडून कळले, की विजेच्या तारेने भाजलेले एक वानर त्याच सुमारास त्या मळ्यातून शहरात नेले होते.

"जित्या जीवाची तेरवी केली मी, महाराज. त्याचं आयुष्य तुटन का हो?"

जिवंतपणी ज्याची उत्तरक्रिया झाली, तो परतल्यास त्याचा नवा जन्म मानून जातकर्म व नामकरण पुन्हा करावे, असे शास्त्र आहे. ते मी त्यांना सांगितले. म्हणूनच त्यांची थोरली बहीण देवकाबाई आत्या म्हणून सोबत आली होती.

"वांदराची आत्या झाली मी! माह्या सुनेले सांगू नोको बरं," ती म्हणाली.

रखवालदार धीरज याने एका फांदीकडे बोट दाखवले. वानराने मान वळवली. डावा कान चिरलेला, मुकिंदाच तो. एक हात कोपरापासून नव्हता. पुंडलिकरावांनी हात जोडले.

"हाक मारू नका, काका," धीरज म्हणाला. "आता कुठं कळपात मिसळून राह्यला. माणसाच्या हाकेले गेला का बाकीचे त्याले हाकलतात."

देवकाबाईने काचेला ओठ लावून "कुर्रर्र" केले आणि ती थांबली. "पुंडलिका, नाव काय सांगू? जुनं तं त्या दुसऱ्यासंगं मातीत गेलं."

पुंडलिकराव माझ्याकडे वळले. "नाव नाई देलं, तं विधी अर्धा राह्यते ना?"

"राहतो," मी म्हणालो.

आत एक मादी मुकिंदाच्या पाठीवरचे केस निवांत चाळू लागली होती. पुंडलिकरावांनी ते बराच वेळ पाहिले.

"नोको देऊ, बाई. नाव आलं का हाक आली."

"अन् तुह्या जिवाची तगमग?"

"ते राहीन माह्यापाशी."