मरळ आणि शिवदोरा

माझ्या दोस्तानं, विरुपाक्षनं, जन्मात कधी मासा खाल्लेला नाही, आणि त्याच्यासारखा मासा धरणारा दुसरा माणूस मी अख्ख्या सोलापुरात पाहिलेला नाही. बाळीवेशीत त्याचं सुताचं दुकान. घर पक्कं लिंगायत, दारात अंड्याचं टरफल दिसलं तरी उंबरा धुवून काढणारं. मी गिरणीतला फिटर, मराठा गडी, ताटात पडेल ते खाणारा. आमची जोडी कशी जमली हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. जमली ती तलावावर. विरुपाक्षनं धरायचं आणि मी खायचं, एवढी सोय जगात कुठल्याच दोस्तीत नसेल.

बायकोला, म्हणजे नीलम्मावहिनींना, त्यानं माझं नाव पुढं करून सांगून ठेवलं होतं, "रामहरी मासे धरतो, मी काठावर बसतो, वारा खातो." बारा वर्षं बाई वाऱ्यावर विश्वास ठेवून होती.

मी त्याला म्हणायचो, "विरुपाक्ष, पाप लागंल तुला."

"मी धरतो की. मारत न्हाई," तो म्हणायचा. "मारतोस तू, शिजवती तुझी केराबाई. पाप तुमी दोगं वाटून घ्या." दुकानदाराशी वाद घालू नये, तो शेवटी आपल्यालाच माल खपवतो.

रविवारी दुपारी तीनला आम्ही सायकली काढायचो आणि तुळजापूरच्या रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावावर जायचो. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षं हात हलवत परत आलो, तरी विरुपाक्षनं रविवार मोडला नाही. त्याची काठी वेळूची, धुरावर धरून सरळ केलेली आणि तेल पाजलेली. रीळ मी बनवून दिलं होतं, गिरणीच्या भंगारातल्या लाकडी बॉबिनचं. फिरायला असं हलकं की फुंकर मारली तर तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सुटावा. पण खरी गंमत त्याच्या बेडकाची होती.

मरळ पकडायची तर बेडूक लागतो. शेवाळाखाली दबा धरून बसणारा मासा तो, वरून काही टुणटुणत गेलं की झेप घेतो. लोक जिवंत बेडूक पाठीत गळ टोचून सोडतात. विरुपाक्षला ते बघवायचं नाही. त्यानं झिजलेल्या हवाई चपलेचा तळ कापून बेडूक केला. पोट खरवडून गोल केलं, दुकानातल्या हिरव्या-काळ्या सुताचे पाय लावले आणि दोन गळ पाठीला चिकटून, टोकं वर करून बसवले, म्हणजे शेवाळात अडकायला नको. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी पोट धरून हसलो. तासाभरात त्या चपलेनं दोन मरळी काढल्या आणि माझं हसू माझ्याच घशात गेलं.

बेडूक फेकायचा तो शेवाळाच्या पलीकडे. मग काठीचं टोक हलवत टुण, टुण, थांब. परत टुण, थांब. पाणी फुटून मरळीनं तो ओढला की अडाणी माणूस लगेच हिसका देतो आणि रिकामी चप्पल तोंडावर येते. मी आयुष्यभर तेच केलं. विरुपाक्ष डोळे मिटून तीनदा 'ओम नमः शिवाय' म्हणायचा आणि मग हिसका द्यायचा. तेवढ्या वेळात मरळीनं बेडूक नीट तोंडात घेतलेला असायचा. मी एकदा म्हटलं, "मासा मारायला देवाचं नाव घेतोस व्हय रे?" तर म्हणाला, "मापाला घेतो. घड्याळ न्हाई माज्याकडं." आणि पाण्यावर मरळीच्या लाल पिल्लांचा घोळका दिसला की मुकाट्यानं तंगूस गुंडाळायचा. आई खाली असते, म्हणायचा.

आता मुख्य गोष्ट सांगतो. लिंगायत माणसाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत, शिवदोऱ्यात ओवलेलं. ते अंगावरून उतरवायचं नाही. सकाळी आणि रात्री ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा झाल्याशिवाय अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. विरुपाक्षला हे सगळं मान्य होतं. फक्त गळाला मासा तडफडत असताना लिंग छातीवर असावं हे त्याला सोसेना. आणि काठी सोडणंही त्याला सोसेना. खाली ठेवता येत नाही, खुंटीला टांगता येत नाही. मग त्यानं खुंटी म्हणून मला शोधून काढलं.

काठावर गेलं की मी मान वाकवायची. तो शिवदोरा माझ्या गळ्यात घालायचा, डबी माझ्या सदऱ्यात सोडायचा. "हे गळ्यात हाय तवर तोंडात काय घालायचं न्हाई. पाणी न्हाई, तंबाखू न्हाई." तोही काही घ्यायचा नाही. संध्याकाळी तो हातपाय धुऊन धोतर बदलायचा, मी परत मान वाकवायचो, आणि त्याचा देव त्याच्याकडे जायचा. माझ्यासारख्या तंबाखूबहाद्दराला रविवारचे ते तीन तास म्हणजे जेल होतं. पण मी एकदाही चंची उघडली नाही. देवाचं मला फार कळत नव्हतं, दोस्ताचं कळत होतं.

शहात्तरच्या मे महिन्यातला तो रविवार. ऊन उतरलं तरी काही लागलं नव्हतं. अक्कलकोटहून वहिनींचा भाऊ येणार होता म्हणून विरुपाक्षला लवकर परतायचं होतं. "शेवटचा टाक," मी म्हटलं. त्यानं टाकला, आणि पाण्यात असा खड्डा पडला की मी दोन पावलं मागं सरलो. तीनदा नाव घेऊन त्यानं हिसका दिला. काठी वाकून पाण्याला टेकली, बॉबिन किंचाळायला लागलं. मरळ शेवाळात घुसली. मी कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, हातानं शेवाळ फाडलं आणि कल्ल्यात बोटं घालून तिला बाहेर आणलं. चार किलोच्या वर. आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये चिखलात बसून पोरांसारखे ओरडत होतो.

तेवढ्यात रस्त्यावर ओळखीच्या माणसाचा ट्रक दिसला. विरुपाक्षला उशीर झालेलाच होता. तो सायकलीसकट ट्रकमध्ये चढला, हात हलवला आणि गेला. मी मरळ सायकलीला बांधली आणि गाणं म्हणत घरी आलो. केराबाईनं कालवण असं केलं होतं की मी मरळीचं डोकंसुद्धा सोडलं नाही. वरून तंबाखूचा बार भरला आणि तसाच सदऱ्यात झोपलो.

पहाटेच्या गाडीनं मला जेऊरला जायचं होतं. बहिणीच्या, वच्छलाच्या घरावरचे पत्रे बदलायचे होते, चार दिवसांची रजा काढली होती. जेऊरला पोचलो, वच्छलानं पाणी तापवलं. मी सदरा काढला, तर छातीवर चांदीची डबी.

मी तसाच दगडावर बसलो. एका क्षणात सगळं दिसलं. विरुपाक्ष रात्री पूजेला बसला असणार आणि छातीला हात लावला असणार. म्हणजे कालच्या दुपारपासून त्याच्या पोटात काही नाही. पाणी नाही. मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि मी चार दिवसांनी येतो म्हणून सांगून गेलेलो. दुसरा कुणी असता तर मठातल्या स्वामींकडे जाऊन सांगितलं असतं, दुसरं लिंग घेतलं असतं. पण त्याला विचारलं असतं, कुठं गेलं? आणि विरुपाक्षला खोटं बोलता येत नव्हतं. बायकोशी बोललेलं ते एकच वाऱ्याचं खोटं त्याला बारा वर्षं पुरलं होतं.

मग दुसरी गोष्ट आठवली. मी देव गळ्यात घालून मरळ खाल्ली होती.

"दादा, च्या घे की," वच्छला म्हणाली.

"नको."

"भाकरी?"

"न्हाय म्हणलो न्हवं का!" मी तिच्यावर खेकसलो. माझं असंच आहे, भीती वाटली की मी चिडतो.

सोलापूरची गाडी दुपारी होती आणि ती लेट आली. स्टेशनच्या बाकावर मी छातीवर हात धरून बसलो. डबी काढून पिशवीत ठेवली असती तर निदान पाणी पिता आलं असतं. पण ती कुणाच्या तरी अंगावरच राहायला पाहिजे, आणि अंग माझंच होतं. पूजा मला येत नव्हती. पूजेशिवाय पाणी नाही, एवढंच येत होतं. समोर रांजण होता. लोक गटागटा पीत होते आणि मी त्या रांजणाला मनातल्या मनात शिव्या देत होतो. चंची तर मी गाडीच्या खिडकीतून फेकूनच दिली, म्हटलं हात जायलाच नको.

दिवेलागणीला बाळीवेशीत पोचलो. दार वहिनींनी उघडलं. डोळे सुजलेले.

"बरं झालं आलात, भावजी. काल रात्रीपास्नं ह्यांनी पाण्याचा थेंब घेतला न्हाई. पूजेला बी बसंनात. डॉक्टर आणला तर आतनं कडी लावली. सकाळी तुमच्या घरी जाऊन आले, तवापास्नं भिंतीकडं तोंड करून पडलेत. काय झालंय, तुमाला तरी ठावं हाय का?"

"वहिनी, मला एकट्याला भेटू द्या."

"का? मी कोण हाय?"

मी सदऱ्याची दोन बटणं काढली. शिवदोरा दिसताच वहिनींचा हात तोंडावर गेला. तो दोरा त्यांनीच वळलेला होता.

त्यांनी दारावर थाप मारली. "कडी काढा. भावजी आलेत, तुमचा देव घेऊन."

विरुपाक्षनं दार उघडलं. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. मी मान वाकवली. काढताना दोरा माझ्या कानाला अडकला. वहिनींनी पाणी, विभूती, फूल आणून ठेवलं. तो मांडी घालून बसला, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. बारा वर्षं मी तो देव सांभाळला, पूजा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. शेवाळातल्या पाण्याकडे बघायचा तसाच तो तळहाताकडे बघत होता.

पूजा झाल्यावर वहिनींनी तांब्या पुढं केला. त्यानं घेतला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"तू कदी जेवलास?"

"काल रात्री."

"काय?"

खोटं मलाही बोलता आलं असतं. नीलम्मावहिनी शेजारीच उभ्या होत्या. "तू धरलेली मरळ," मी म्हटलं. "हे गळ्यात हाय ते ध्यानातच न्हवतं. माज्या हातनं लई वंगाळ झालं, विरुपाक्ष."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "तुमी धरलेली?"

विरुपाक्षनं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. काठी, चपलेचा बेडूक, माझी खुंटी, बारा वर्षांचे रविवार. बाई ऐकत होती. मला वाटलं, आता दोस्ती संपली. आता काठी चुलीत जाणार आणि मी ह्या दारात परत उभा राहणार नाही. तेव्हा मला कळलं, मासे गेले तरी मला चाललं असतं, दोस्त नाही.

विरुपाक्ष मात्र अजून माझ्याकडेच बघत होता. "आन पाणी कदी पिलास?"

"सकाळी. आंगुळीच्या आधी."

"का? तुला कुणी अडवलं?"

"गळ्यात हा होता की!" मी ओरडलोच. "पूजा कुटं येती मला? काढून कुटं ठिवू? मग न्हाय पिलो!"

विरुपाक्षनं तांब्या माझ्या हातात कोंबला. मी परत ढकलला. "तू आदी." "तू आदी, गप पी." आम्ही दोघं ढकलाढकली करत होतो आणि पाणी सतरंजीवर सांडत होतं. मग वहिनींनी दुसरा तांब्या आणून नवऱ्याच्या हातात दिला.

"ह्यांनी बारा वर्षं दर आयतवारी देव काढून ठिवला," त्या मला म्हणाल्या, "आन तुमाला एक दिवस काढता आला न्हाई."

विरुपाक्षचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही.

"आता ऐका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आयतवारी जायचं तर जावा. पर देव गळ्यात ठिवून जावा. त्येच्या म्होरं हात चालला तर धरा. न्हाई चालला, तर पाण्यात सोडा आन घरी या."

"आन ह्यो खाणार काय?" विरुपाक्षनं माझ्याकडे बोट केलं.

"आमटी-भाकरी," वहिनी म्हणाल्या, आणि दोन ताटं शेजारी शेजारी मांडली.