हंसावहिनींसाठी तीन इंच

जगातली सगळी मोठी युद्धे उंचीवरून झाली, असे माझे ठाम मत आहे. कोणाचे सिंहासन वर, कोणाचा कळस वर, कोणाचा झेंडा वर. मी स्वतः ज्या युद्धात भाग घेतला ते तीन इंचांचे होते, पापडी गावात गॉडफ्रेच्या गॅरेजमध्ये झाले, आणि त्यात माझ्याकडे टेपचे दुसरे टोक धरायचे काम होते.

युद्धाचे मूळ म्हणजे माझा मित्र काळूराम याची जुनी मॅटाडोर. तीस वर्षे या टेम्पोने निर्मळ गावची केळी बाजारात नेली. आता त्याच्या मुलाने, हरेशने, तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडक्यांना पडदे असा संसार थाटला होता. हेतू चांगला होता. काळूरामच्या बायकोचे, हंसावहिनींचे, दोन्ही गुडघे बदललेले. छोट्या गाडीत पाय दुमडून त्यांना बसवत नाही, आणि बहीण यमुना तिकडे जव्हारला अंथरुणाला खिळलेली. पलंगावर पाय पसरून जायचे आणि बहिणीला भेटायचे, एवढेच.

पण मागच्या दाराची पायरी जमिनीपासून सतरा इंच, आणि चौदाच्या वर पाय उचलायचा नाही असे डॉक्टरांनी बजावलेले. स्टूल ठेवून पाहिले, ते सरकले. त्या दिवसापासून वहिनींपुढे स्टूलचे नाव काढायची सोय राहिली नाही. खाली दुसरी पायरी जोडली, ती पहिल्याच गतिरोधकाने ठेवून घेतली. तेव्हा गाडीच खाली आणायची, यावर बापलेकांचे एकमत झाले. त्यानंतर दोन महिने कशावरच झाले नाही.

आज वहिनी स्वतः आल्या होत्या. प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत बहिणीसाठी सुके बोंबील. ती पिशवी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा भरली होती.

गॉडफ्रे गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"तीन रस्ते आहेत," तो म्हणाला. "मागच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींतला एकेक पोलादी पाटा काढायचा. नाहीतर कमान आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा टाकायचा. नाहीतर हवेचे फुगे."

"फुगे," हरेश म्हणाला. "बटण दाबलं की हवा सुटते, गाडी खाली बसते. आई चढली की परत वर. उंटासारखं."

"मग उंटच घे," काळूराम म्हणाला. "पावसात रस्त्यावर पानी भरलं की तुझं बटन बुडंल. उंट निदान पोहंल."

"उंट पोहतो?" मी विचारले.

"तू टेप धर."

मी टेप धरली. सतरा इंच. काल होते तेवढेच.

"ठोकळा टाक आनि विषय संपव," काळूराम म्हणाला.

"ठोकळ्याने गाडी खाली येईल, पण कमान तशीच कडक," गॉडफ्रे म्हणाला. "खड्डा आला की आतला माणूस छताला. मी सांगतो, पाटेच काढा. मुळात दोन्हीकडे पाच-पाच होते. एकेक जादा घातलाय कोणीतरी."

"कोनीतरी?" काळूरामच्या मानेच्या शिरा वर आल्या. "मी घातले. केळी भरली की बाकीच्यांच्या गाड्या मागून बसायच्या. माझी ताठ. सगळ्या बाजारात एकटी माझी ताठ. ते पाटे काढायचे तर आधी मला काढ."

"बाबा, आता आत केळी नाहीत. आई आहे."

"आई काय केळ्यांपेक्षा हलकी आहे?"

गॉडफ्रेने उगाचच एक नट पुसायला घेतला. हरेशने हातातला पाना फरशीवर आपटला. तो उडून माझ्या पायाशी आला, पण माझी दखल घ्यायला कोणाला वेळ नव्हता.

"तुम्हाला गाडी दिसते," हरेश म्हणाला. "तिच्यात कोण बसणार ते दिसत नाही. कधीच दिसलं नाही."

"ह्याच गाडीत झोळी बांधून तुला वाढवला. आता तू मला शिकव." एवढे बोलून काळूराम मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला. बरोबर सतरा इंचांवर. "काढ आता पाटे. बघतो कोन काढतो ते."

मग वहिनी बोलल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"त्या पाट्यांवर मी बसत होते," त्या म्हणाल्या. "मागं, घड घसरू नयेत म्हनून. रोज पहाटे, बाजारापर्यंत. आधी गाडी झुलायची. मला झोप लागायची. तुम्ही पाटे घातले आनि एक खड्डा वाया गेला नाही. एकेक इथं येऊन बसला." त्यांनी गुडघ्यावर बोट टेकवले. "चौदा वर्षं. तुमची गाडी ताठ राहिली. मी नाही राहिले."

काळूराम पायरीवर जरा पुढे सरकला.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हनालात, खाली गोनपाट घे."

काळूराम पायरीवरून उठला. गॉडफ्रेने कोणाला काही विचारले नाही. जॅक लावला आणि गाडीखाली शिरला.

दुपारपर्यंत दोन पाटे बाहेर आले, गंजलेले, धनुष्यासारखे वाकलेले. गाडी हलकेच खाली बसली. मी टेप लावली. सव्वाचौदा.

"टाकी भरा," गॉडफ्रे म्हणाला. "पाव इंच पाण्याने बसेल."

हरेशने टाकी भरली. चौदा. वहिनींनी दाराजवळचा दांडा धरला, एक पाय टेकवला, थांबल्या, दुसरा उचलला आणि पलंगावर जाऊन बसल्या. पिशवी शेजारी ठेवली. हात द्यायला पुढे झालेले बापलेक हात तसेच ठेवून उभे होते आणि एकमेकांकडे बघायचे टाळत होते.

काळूरामने दोन्ही पाटे उचलून छातीशी धरले. शर्टाला गंज लागला.

"हे मी घरी नेनार," तो म्हणाला. आवाज अजून भांडणातलाच होता, पण आता भांडायला समोर कोणी नव्हते. "देव्हाऱ्याशेजारी ठेवनार. कोनी हात लावायचा नाही."

आतून वहिनींनी पडदा बाजूला केला.

"गॉडफ्रे, त्यातल्या एकाचा कोयता करून आन रे. घरचा कोयता नारळ सोलताना अडकतो. मूठ जरा बारीक ठेव."